शिरोरेषा शेवटी

लग्नसराई जवळ आली की घरी एम्ब्रॉयडरी मशीन असलेल्या बाईकडे हमखास येणारं काम म्हणजे अंतरपाट. मंगलाष्टकं चालू असताना वधूवरांच्या मधे धरायचं हे कापड पूर्वी पांढरं असे आणि त्यावर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक असे. आता त्यावर दोघांची नावं हवी असतात, तारीख हवी असते, कडेने कोयऱ्या नाहीतर कमळं हवी असतात. बारशाच्या झबल्या-टोपड्यावर बाळाचं नाव, मुंजीत बटूच्या उपरण्यावर नाव, डोहाळजेवणाला खणाच्या ब्लाउजच्या पाठीवर ‘आई’. ही सगळी अक्षरं अर्थातच देवनागरी. आणि ज्या मशीनवर ती भरायची, त्या मशीनच्या आत सहसा देवनागरी नसते.

घरगुती मशीन विकत घेतलं की त्यात फुलं-पानं, खेळणी, किनारी आणि काही अक्षरसंच आधीच भरलेले मिळतात. रोमन अक्षरांची बरीच वळणं असतात. काही मशीनमध्ये सिरिलिक असते, काहींत जपानी असते. मी हाताळलेल्या एकाही घरगुती मशीनमध्ये मला देवनागरी मिळाली नाही. त्यामुळे मराठी नाव भरायचं तर कुणीतरी बसून ते टाक्या-टाक्याने मांडावं लागतं, त्याची फाइल करावी लागते आणि पेनड्राइव्हवरून मशीनला द्यावी लागते. या मांडणीला आपल्याकडच्या धंद्यात पंचिंग म्हणतात. पंचिंग करणारी बाई अक्षर जाणणारी असेल तरच नाव नीट उमटतं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे समजायचं असेल तर मशीनला नक्की काय कळतं इथून सुरुवात करायला हवी.

मशीनला चित्र कळत नाही. त्याला फक्त पुढचा टाका कळतो. सुई एकाच जागी खाली-वर होते. हलते ती कापड ताणून धरणारी फ्रेम. आताच्या जागेवरून फ्रेम आडवी किती सरकवायची आणि उभी किती, एवढाच हिशोब मशीनजवळ असतो. तो झाला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. फूल, मोर, ‘माधव’ हे सगळं आपल्यासाठी. मशीनसाठी ती काही हजार सरकण्यांची यादी असते, मधेमधे ‘इथे थांब’ किंवा ‘इथे दोरा काप’ अशी सूचना.

जगभर सर्वांत जास्त चालणारी अशी यादी म्हणजे डीएसटी फाइल. जपानच्या ताजिमा कंपनीच्या मशीनसाठी ती तयार झाली आणि आज घरगुती मशीनपैकीही बरीच ती वाचतात. ही फाइल ज्या काळातली आहे त्या काळात नक्षी कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवत. पट्टीच्या एका ओळीत आठ भोकांची जागा, आणि एका टाक्याला तीन ओळी. म्हणजे २४ जागा. त्यातल्या २० जागा अंतरासाठी खर्च होतात आणि उरलेल्या चार इतर खुणांसाठी. अंतराचं एकक मिलिमीटरचा दहावा भाग. आता २० जागांत अंतर बसवलं कसं? जुन्या गणिताच्या पुस्तकांत वाण्याच्या तराजूचं कोडं असे: १, ३, ९ आणि २७ शेरांची चारच वजनं दोन्ही पारड्यांत ठेवून १ ते ४० पैकी कोणतंही वजन तोला. डीएसटीत हेच कोडं आहे, फक्त ८१ चं पाचवं वजन वाढवलेलं. ५ हवे असतील तर ९ पुढे, ३ आणि १ मागे. पाचही वजनं एकाच पारड्यात टाकली की होतात १२१, म्हणजे १२.१ मिलिमीटर. म्हणून डीएसटीत एका टाक्यात फ्रेम आडवी किंवा उभी १२.१ मिलिमीटरहून जास्त सरकू शकत नाही. लांब जायचं असेल तर उडीचे तुकडे करावे लागतात. ही युक्ती ज्याने कुणी बसवली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या फाइलमध्ये रंग नसतात. ‘थांब’ एवढंच असतं. थांबल्यावर कुठला दोरा ओवायचा ते बाईने ठरवायचं. म्हणून सुरतेहून किंवा कुठूनही विकत आणलेली डीएसटी फाइल मशीनच्या स्क्रीनवर भलत्याच रंगांत दिसते आणि नवीन बाई घाबरते. घाबरण्यासारखं काही नाही. ब्रदरच्या पीईएस किंवा जानोमेच्या जेईएफ फाइलमध्ये रंगांची नोंद असते, डीएसटीत नसते, इतकंच. फाइलसोबत रंगांच्या क्रमाचा कागद मागून घ्यावा.

यंत्राने भरतकाम करण्याचा इतिहास आपल्या समजुतीपेक्षा जुना आहे. फ्रान्समधल्या म्युलूझ गावात जोसुए हाइलमान याने १८२८ साली हाताने चालवायचं भरतकाम यंत्र बनवलं. कारागीर सहापट मोठ्या काढलेल्या नक्षीवरून एक टोक टाक्या-टाक्याने फिरवी आणि त्याच्याशी जोडलेली कापडाची चौकट तितकीच लहान चाल करी. पुढे स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्लीने १८६३ मध्ये होडीच्या आकाराच्या शटलचं यंत्र आणलं आणि १८९८ मध्ये त्याच्या मुलाने, जोसेफ आर्नोल्ड ग्रोब्लीने, त्याला भोकं पाडलेल्या कार्डांची जोड दिली. नक्षीवर टोक फिरवणारा माणूस यंत्रापासून सुटला आणि त्याचं ज्ञान कार्डावर गेलं. घरगुती मशीनपर्यंत हे यायला मात्र जवळजवळ आणखी शतक लागलं: जानोमेचं मेमरी क्राफ्ट ८००० हे घरात वापरायचं एम्ब्रॉयडरी मशीन १९९० सालचं. घरगुती मशीनला आधी नक्षीची मेमरी कार्डं होती, मग पेनड्राइव्ह आला.

आता स्क्रीनकडे येऊ. नव्याने मशीन घेतलेल्या बायका सर्वांत आधी ‘मोठं करा-लहान करा’ हे बटण दाबतात आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. बहुतेक घरगुती मशीन नक्षी ८० ते १२० टक्क्यांच्या आतच लहान-मोठी करू देतात आणि पुष्कळ मशीनमध्ये तसं करताना टाक्यांची संख्या तीच राहते. भरीव टाक्यात दोन ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात, ४० नंबरच्या रेयॉन किंवा पॉलिएस्टर दोऱ्याला ते बरोबर बसतं. नक्षी १२० टक्के केली की तेच अंतर ०.४८ होतं आणि मधून कापड डोकावतं. ८० टक्के केली की ०.३२ होतं, दोरा दोऱ्यावर चढतो, कापड पत्र्यासारखं कडक होतं, सुई तुटते. दहा टक्क्यांच्या आत राहिलात तर निभावतं. त्यापलीकडे जायचं असेल तर मूळ फाइलमध्ये, म्हणजे पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आकार बदलून नव्याने टाके काढावेत. मशीनच्या स्क्रीनवर ते काम करू नये.

फिरवणं हे बटण मात्र फार उपयोगी आहे. १० सेंटिमीटरच्या चौकोनी फ्रेममध्ये आडवं नाव १० सेंटिमीटरच मावतं. तेच नाव ४५ अंशांत तिरपं केलं तर कर्णाचा फायदा मिळतो: नावाची लांबी आणि उंची मिळून १४.१ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. दोन सेंटिमीटर उंचीचं नाव असेल तर त्याला १२ सेंटिमीटर लांबी मिळाली. लहान मशीन असलेल्या बाईसाठी हे दोन सेंटिमीटर म्हणजे ‘मृण्मयी’ मावणं आणि न मावणं यांतला फरक आहे. यात एक जपायचं. कापडही फ्रेममध्ये तिरपं लावावं लागतं, आणि उरेबात कापड ओढलं की ताणलं जातं. म्हणून आधी मागून फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवायचं आणि मगच फ्रेम कसायची. काही मशीन फक्त ९० अंशांनीच फिरवतात. तिथे तिरपेपणा फाइलमध्येच करून आणावा.

मग ट्रेस. या बटणाने फ्रेम टाका न घालता नक्षीच्या बाहेरच्या हद्दीवरून एकदा फिरते. नाव शिवणीवर चढतंय का, काठाला लागतंय का, ते इथे कळतं. मी कितीही घाई असली तरी ट्रेस सोडत नाही. आणि मागे जाण्याचं बटण: दोरा तुटला की मशीन थांबतं, पण दोरा तुटल्याचं त्याला कळेपर्यंत सुई काही टाके रिकामी चाललेली असते. दोरा पुन्हा ओवून दहा-पंधरा टाके मागे जायचं आणि जुन्या टाक्यांवरून पुढे निघायचं. बटणाने एक एक टाका मागे जाता येतं, काही मशीनवर दहा-दहा किंवा शंभर-शंभरही. खालची बॉबिन संपली असेल तर आणखी मागे जावं लागतं, कारण वरचा दोरा चालूच असल्याने ते उशिरा लक्षात येतं.

ताण तपासायचा तर कापड उलटं करून पाहावं. भरीव पट्टीच्या मागे मधला एक तृतीयांश भाग बॉबिनचा पांढरा आणि दोन्ही बाजूंना वरचा रंग, असं दिसलं की ताण बरोबर. स्क्रीनवरचे बाकीचे पर्याय, वेग, आरसा, रंगांचा क्रम, हे दोन दिवसांत हाताला बसतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी कसोटी देवनागरीची.

भरीव टाका, ज्याला मशीनच्या भाषेत सॅटिन म्हणतात, तो कापड खेचतो. टाक्याच्या दिशेने पट्टी आकसते आणि त्याच्या आडव्या दिशेला टोकं बाहेर ढकलली जातात. रोमन अक्षरं एकमेकांपासून सुटी असल्यामुळे हा थोडा फरक त्यांच्यात जिरून जातो. आपली अक्षरं एका रेषेला टांगलेली. ज्याने प्रत्येक अक्षर वेगळं, त्याच्या डोक्यावरच्या शिरोरेषेच्या तुकड्यासकट भरलं, त्याच्या नावाची शिरोरेषा सरळ येतच नाही. प्रत्येक तुकड्याची टोकं बाहेर ढकलली गेल्याने सांध्यावर दोन तुकडे एकमेकांवर चढतात आणि गाठ दिसते. कापड मधे सरकलं तर पुढचा तुकडा अर्धा मिलिमीटर वर किंवा खाली येतो. बाजारात मिळणाऱ्या कित्येक देवनागरी फाइलींत हा दोष आहे, आणि तो हाताने ओळखता येतो: शिरोरेषेवरून बोट फिरवलं की खडबड लागते.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो आपण कागदावर लिहितो त्याच क्रमाचा आहे. आधी सगळ्या अक्षरांची अंगं डावीकडून उजवीकडे भरायची, आणि शिरोरेषा शेवटी, एका सलग पट्टीत. उभे दंड शिरोरेषेच्या आत थोडे घुसवून ठेवायचे, म्हणजे वरची पट्टी त्यांच्यावर बसते आणि फट राहत नाही. एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जाताना धावदोऱ्याने जायचं आणि हा धावदोरा शिरोरेषा जिथे येणार त्या जागेतूनच न्यायचा. शेवटी पट्टी आली की तो खाली लपतो, उडी मारावी लागत नाही, दोरा कापावा लागत नाही. पट्टीखाली आधी मधून एक धावदोरा आणि त्यावर विरळ नागमोडी टाका घातला की कापड घट्ट धरलं जातं. एक सेंटिमीटर पट्टीला साधारण ५० टाके लागतात, म्हणजे १५ सेंटिमीटर शिरोरेषेला साडेसातशे. मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने सव्वा मिनिटाचं काम. नावाचं सगळं रूप त्या सव्वा मिनिटात ठरतं.

पण सलग पट्टी म्हणजे डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेली पट्टी नव्हे. ‘माधव’ घ्या. ध च्या डाव्या भागावर शिरोरेषा तुटलेली असते. तिथे पट्टी सलग नेली तर ‘माघव’ होतं. म्हणून इथे शिरोरेषा दोन तुकड्यांत: पहिला ‘मा’ वर, मग ध च्या डाव्या भागावर मोकळी जागा, मग ध च्या दंडापासून व च्या टोकापर्यंत दुसरा. ‘भाग्यश्री’मध्ये भ असल्यामुळे पट्टी सुरुवातीपासून येत नाही. मराठी न वाचणाऱ्या माणसाने केलेल्या पंचिंगमध्ये नेमक्या याच जागा चुकतात आणि त्याला त्या चुकल्याचं दिसत नाही.

शिरोरेषेनंतर वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार. अनुस्वार दिसायला सर्वांत लहान आणि भरायला सर्वांत कठीण. मिलिमीटरभराच्या ठिपक्यात सुरुवातीची गाठ, शेवटची गाठ आणि भरीव टाके सगळे एकाच जागी पडतात. दोऱ्याचा गोळा होतो आणि सुई अडकते. अनुस्वार दोन मिलिमीटरचा करावा, गोल न करता किंचित लंबगोल ठेवावा आणि गाठी ठिपक्याच्या मध्यावर घ्याव्यात. ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातली जागा मोकळी राहील इतकं अक्षर मोठं हवं, नाहीतर ‘वैभव’ भरून झाल्यावर त्यातला व ब सारखा दिसतो. माझ्या मते मात्रा-उकार सोडून अक्षराचं अंग ८ मिलिमीटरपेक्षा लहान करू नये. वरची वेलांटी आणि खालचा उकार धरला की नावाची उंची दीड सेंटिमीटरच्या जवळ जाते. रुमालाच्या कोपऱ्यात पूर्ण नाव मागणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं.

अक्षराचं वळण निवडतानाही विचार हवा. बोरूच्या वळणाची, जाड-बारीक रेषांची अक्षरं पत्रिकेवर देखणी दिसतात. दोऱ्यात त्यांची बारीक रेषा एक मिलिमीटरच्या खाली जाते आणि तुटक येते. सारख्या जाडीच्या रेषेचं वळण दोऱ्याला मानवतं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत मिळतात आणि पंचिंगला आधार म्हणून मला ते चांगले वाटतात. फाँटमधले ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, तेही पाहावं. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने त्यांची मराठी रूपं निश्चित केली आहेत, आणि अंतरपाटावर ‘शीतल’ लिहिताना ती पाळायला काहीच जड जात नाही. आडनावांत ‘ऱ्ह’ येतो: वऱ्हाडे, कऱ्हाडकर. अर्धा र रफार होऊन डोक्यावर गेला तर ते आडनाव त्या घराचं राहत नाही.

सॉफ्टवेअरवर पैसे घालणं शक्य नसेल तर इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायचं इंकस्टिच, दोन्ही मोफत आहेत. इंकस्केपमध्ये नाव युनिकोडमध्ये टंकायचं, जोडाक्षरं नीट जुळलीत ना ते पाहायचं आणि अक्षरांच्या कडा रेषांत बदलून घ्यायच्या. इथे आळस करून अख्ख्या आकाराला एकच भराव देता येतो, आणि अनेक जण तेच करतात. त्याने अक्षर सपाट, निर्जीव येतं. प्रत्येक फटकाऱ्याच्या दोन कडा वेगळ्या आखून, त्यांच्यामध्ये टाका कोणत्या दिशेने पडेल हे आडव्या रेषांनी सांगितलं, की वळणावर टाके पंख्यासारखे फिरतात आणि अक्षराला चमक येते. एका नावाला पहिल्यांदा अख्खी दुपार जाऊ शकते. पण म, र, व, य, न यांच्यासारखी रोज लागणारी अक्षरं एकदा शिरोरेषेशिवाय तयार करून ठेवली की पुढची नावं त्यांतूनच जुळवता येतात.

यात कापड विसरून चालत नाही. झबल्याची मलमल इतकी पातळ असते की तिला हलका, फाडून काढता येणारा पेपर आणि विरळ टाका लागतो. ताणणाऱ्या होजिअरीला मागे कायमचा राहणारा पेपर लागतो, नाहीतर पहिल्या धुण्यात नाव गोळा होतं. टॉवेलवर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म वरून ठेवायची, म्हणजे टाके लवेत बुडत नाहीत. अंतरपाट फ्रेमपेक्षा कितीतरी लांब असल्याने तो तुकड्यातुकड्याने भरावा लागतो. कापडावर मध्यरेषा आखून प्रत्येक वेळी फ्रेमसोबतच्या प्लास्टिकच्या चौकटीवरून ती जुळवायची, आणि तोड शक्यतो दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत घ्यायची. शिरोरेषेच्या मध्यात तोड कधीही घेऊ नये.

या कामाचं मोल कसं ठरतं, ते मला खटकतं. कारखान्यांत भरतकामाचा दर हजार टाक्यांवर ठरतो. मोराला वीस हजार टाके लागतात, नावाला तीन हजार. म्हणून नाव स्वस्त. “ताई, नुसतं नावच तर टाकायचंय, त्याचे कसले एवढे पैसे?” हे वाक्य या कामातल्या प्रत्येक बाईने ऐकलेलं असतं. मोराची फाइल तयार मिळते आणि हजार वेळा चालते. नाव एकदाच चालतं आणि ते मांडायला अक्षरज्ञान, हात आणि वेळ लागतो. सरकारी मदतही या कामाला पुरत नाही: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत दर्जी आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. एम्ब्रॉयडरी मशीनची किंमत त्याच्या कित्येक पट आहे. आयटीआयमध्ये सरफेस ऑर्नामेंटेशनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रातल्या वर्गांत तिथे देवनागरी पंचिंगला स्वतंत्र जागा मिळाली तर तिथून बाहेर पडणाऱ्या मुलींना गावातच काम मिळेल, कारण नावं प्रत्येक गावात असतात.

मशीन बनवणाऱ्या आणि इथे विकणाऱ्या कंपन्यांना एक सांगणं आहे. देवनागरी देणार असाल तर अक्षरं शिरोरेषेशिवाय द्या आणि शिरोरेषा वेगळी, शेवटी भरली जाईल अशी द्या. जोडाक्षरं सुटी टंकून चालणार नाहीत, ती जोडलेलीच हवीत.

आणि नाव भरून घेणाऱ्या वाचकांना विनंती. नाव मोबाइलवरून रोमनमध्ये पाठवू नका. कागदावर देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घासह स्वच्छ लिहून द्या. कापड आधी धुऊन, आटवून द्या. पंचिंगचे पैसे भरतकामाच्या पैशांपेक्षा वेगळे विचारा आणि वेगळे द्या.